कर्ता हरवलेली वाक्ये

बालकुपोषणावरचे अहवाल, न्यायालयीन आदेश आणि शासन निर्णय यांना आपण वाङ्मय मानत नाही. गेली काही वर्षे मी मात्र ते समीक्षकाच्या सवयीने वाचतो आहे. कथा वाचताना निवेदक कोण, हे आपण पाहतो. या मजकुरात मी क्रियापदाचा कर्ता शोधतो. मुलांच्या आरोग्यासाठी धोरण मागणारे लेखन कुठे फळाला येते आणि कुठे विरते, याचा बराचसा उलगडा मला त्या शोधात झाला.

सुरुवात बातमीच्या भाषेपासून करू. १९९०च्या दशकापासून धारणी-चिखलदऱ्याकडून एकच वाक्य वारंवार येत राहिले: मेळघाटात बालके दगावली. ‘दगावणे’ या क्रियापदात दगा आहे, पण तो कोणी दिला हे त्यात नाही. जनावरासाठीही आपण हेच क्रियापद वापरतो. वाचणाऱ्याला हळहळ वाटते आणि जाब विचारायचा राहून जातो.

या शतकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाविषयी माझ्या मनात आजही द्विधा आहे. पानगळ हा ऋतूचा नियम. पान कोणी तोडत नाही, ते गळते. म्हणजे प्रतिमेने पुन्हा कर्ता पुसलाच. ‘कोवळी’ हे विशेषण तेवढे त्या नियमाला हरकत घेते. अहवालाचे खरे बळ मात्र प्रतिमेत नसून मोजणीत आहे. गावोगावी झालेले बालमृत्यू मोजून त्याने दाखवले की, सरकारी नोंदीत त्यांतले फार थोडे पोचतात. इथे कर्ता सापडतो: नोंद न करणारी यंत्रणा. पुढे राज्य सरकारला बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली, ती या मोजणीमुळे, असे मी मानतो.

याउलट दोन मजकूर मला नमुनेदार वाटतात. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशात राज्य सरकारांवर थेट जबाबदारी आहे: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण, किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. दुसरा मजकूर घरोघरी नवजात बालसेवेचा. गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. २०११ मध्ये ही पद्धत देशभर स्वीकारली गेली, तेव्हा नियम असा झाला की, पहिल्या ४२ दिवसांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा सहा वेळा जाईल आणि घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. कोण, किती वेळा, कोणत्या मुदतीत, हे सारे वाक्यातच आहे. भेट चुकली तर कोणाची, हे विचारता येते.

आता अंड्याची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले. न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करण्याची मुभा मिळाली. ‘शासन देईल’चे ‘शाळेला देता येईल’ झाले. व्याकरणातला हा बदल लहान दिसतो. पण ज्या गावात वर्गणी देण्याजोगे कोणी नाही, तिथल्या ताटात तो लगेच दिसतो. आणि अंड्याची गरज तिथेच सर्वाधिक असते.

भाषेने पोट भरत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. कुपोषणामागे कमी वयातली लग्ने, आईचा रक्तक्षय, दूषित पाणी, रोजगारासाठीचे स्थलांतर हे सारे आहे. पण कारणे अनेक असली की खातीही अनेक होतात, आणि कर्ता नसलेले वाक्य प्रत्येक खात्याला सोयीचे ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली पाच वर्षांखालची खुरटलेली बालके २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ३४.४ टक्क्यांवर आली. त्या दशकात, २००५ मध्ये, राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले होते: केवळ या कामासाठी नेमलेली, नाव घेऊन जाब विचारता येईल अशी यंत्रणा. घट केवळ तिच्यामुळे झाली, असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या, २०१९-२१ च्या पाहणीत आकडा ३५.२ झाला. घट थांबली, आणि ती कोणी थांबू दिली, याचे उत्तर कोणत्याच एका खात्याकडे नाही.

म्हणून धोरणासाठी लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. करुण शीर्षक जरूर द्यावे, पण मसुद्याच्या प्रत्येक वाक्यात कोण देणार, काय, किती, कोणत्या दिवशी आणि न दिल्यास जबाब कोणाचा, हे लिहून घ्यावे. ‘देण्यात यावे’ असे दिसले, तर कागद परत पाठवावा.