दोन लिंक, एकच रस्ता : ‘हाय अव्हेलेबिलिटी’चा दावा कसा तपासायचा?

डेटाबेस, क्लस्टरिंग, क्लाउड असा विषय घेऊन पीएचडीची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : “प्रणाली क्लाउडवर असल्याने ती सदैव उपलब्ध राहील.” गाईडनी “कशावरून?” असं विचारलं की उत्तर येतं, “सर, दोन सर्व्हर आहेत ना!” आज या ‘दोन आहेत ना’ची जरा कडक तपासणी करू. उदाहरण मुंबईतलंच घेऊ.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे (एनएसई) सगळे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले, ते थेट दुपारी ३:४५ ला सुरू झाले. एनएसईकडे दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक होत्या, डेटाची दुसरी प्रत होती, आणि आपत्तीसाठी वेगळी साइटही होती. कागदावर सगळं दुहेरी. मग अडलं कुठे?

एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार महापे ते कुर्ला या मार्गावर, एलबीएस रोडला रस्त्याचं खोदकाम चालू होतं. त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या. त्यानंतर सॅन, म्हणजे सर्व्हरना सामायिक असलेली साठवण यंत्रणा, अनपेक्षित वागली आणि मुख्य साइटवरच्या सर्व्हरना डेटा मिळेनासा झाला. क्लिअरिंगची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. ती नसताना सौदे चालू ठेवणं शक्यच नव्हतं.

इथे पहिली टीका आपल्या गणितावर. एक लिंक ९९ टक्के वेळ चालते असं धरा. दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.०१ × ०.०१ = ०.०००१, म्हणजे उपलब्धता ९९.९९ टक्के. कित्येक पेपरमध्ये हाच गुणाकार असतो. पण तो बरोबर ठरायला दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. आमच्या बोळिंजमध्ये एखाद्याने दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं आणि दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या, तर खांब पडल्यावर दोन बिलं असूनही नेट शून्य! कंपन्या दोन असणं आणि वाटा दोन असणं यात फरक आहे.

टक्केवारीचा छेदही तपासा. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५२ मिनिटं बंद, हा हिशेब चोवीस तास चालणाऱ्या सेवेचा. शेअर बाजार दिवसाला ३७५ मिनिटं आणि वर्षाला साधारण २५० दिवस चालतो. तिथे ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम ९ मिनिटं. त्या दिवशी नेहमीच्या वेळेतली २३० मिनिटं गेली. संध्याकाळी ५ पर्यंत बाजार चालवून भरपाई केली खरी, पण या मोजणीत सुमारे २५ वर्षांचा कोटा एका दिवसात संपला.

दुसरी टीका क्लस्टरच्या कल्पनेवर. चार सर्व्हर एकाच साठवणुकीवर उभे असतील, तर साठवण गेल्यावर चारही सर्व्हर जिवंत असून निरुपयोगी. आता ती साठवण दुसऱ्या साइटवर सिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्यावरच व्यवहार पक्का, अशी जोडली असेल तर लिंक तुटल्यावर काय करायचं? थांबलं तर डेटा सुरक्षित, पण सेवा बंद. पुढे गेलं तर सेवा चालू, पण दोन प्रतींत तफावत. हा निर्णय आधीच घेऊन सेटिंगमध्ये लिहून ठेवावा लागतो. एनएसईचं म्हणणं होतं की, सॅनमधलं फेलओव्हर लॉजिक त्यांच्या मागणीप्रमाणे नव्हतं. असेलही. पण मग लिंक तोडून चाचणी घेतली असती तर ते आधीच कळलं नसतं का?

तिसरा मुद्दा, दूरच्या साइटचा. मुंबई-चेन्नई सरळ अंतर सुमारे १,००० किमी. फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किमी, म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. दर व्यवहाराला एवढं थांबणं एक्स्चेंजला परवडत नाही. म्हणून सिंक्रोनस प्रत जवळ ठेवतात (आणि ती त्याच शहराच्या खोदकामात सापडते), दूरची प्रत थोडी मागे राहते. दूर जायचं तर शेवटचा थोडा डेटा गमवायची तयारी लागते. त्या दिवशी व्यवहार आपत्ती साइटवर हलवले गेले नाहीत. माझ्या मते असा कचरा प्रसंगी निर्णय घेणारा माणूसही प्रणालीचाच भाग असतो.

मार्च २०२१ मधल्या सेबीच्या परिपत्रकाने नेमकं हेच पकडलं : बिघाडानंतर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करा, त्यापुढे ४५ मिनिटांत सेवा सुरू करा (हा आरटीओ, गाड्यांचा नव्हे), आणि डेटाचं नुकसान १५ मिनिटांच्या आत ठेवा (आरपीओ). निर्णयाची वेळ मोजली, हे उत्तम. पण वेळेची मर्यादा घातली म्हणून दोन केबली वेगळ्या रस्त्याने जात नाहीत.

क्लाउडनेही हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ चं, हैदराबादचं २०२२ चं. एकाच रीजनमधले झोन एका डेटा सेंटरच्या बिघाडातून वाचवतात. अख्ख्या प्रदेशावरच्या संकटासाठी दुसरं रीजन लागतं. आणि प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीचा डिलीट सगळ्या प्रतींवर तितक्याच तत्परतेने पोचतो. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट कामी आली नाही, आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना ‘किती प्रती?’ याआधी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. या प्रतींमध्ये सामायिक काय आहे? लिंक तुटली तर कोण थांबणार? दुसरीकडे जायचं कोण ठरवणार, किती मिनिटांत? आणि बॅकअपवरून पूर्ण डेटाबेस उभा करून शेवटचं कधी पाहिलं? चौथ्याचं उत्तर तारखेत देता आलं, तर तुमच्या संशोधनात मोजण्यासारखं काहीतरी आहे असं समजा.