नळदुर्ग : टेलरचे पुस्तक आणि पाणीमहालातला शिलालेख

सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. वरचे बोरी धरण भरून सांडवा वाहू लागला, की किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि त्या रविवारी निम्मे सोलापूर तिकडे लोटते. मीही लहानपणापासून त्या गर्दीतलाच. त्यामुळे काही वर्षांपूर्वी एका विशेषांकासाठी नळदुर्गावर लिहायला सांगितले, तेव्हा फार विचार न करता लेख हातावेगळा केला. त्यात ‘हा बंधारा अली आदिलशहाने १५५८ साली बांधला’ असे एक ठाम वाक्य होते. ते चुकीचे होते. ते माझ्याकडे कुठून आले, याचा शोध घेताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

वाक्याचा माग फिलिप मेडोज टेलरपर्यंत जातो. टेलर १८०८ साली लिव्हरपुलात जन्मला, पोरवयात हिंदुस्थानात आला आणि पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. ठगांवरच्या कादंबरीने १८३९ साली त्याचे नाव झाले. तुळजापूरच्या तारेची कथा त्याने १८६३ साली छापली. निजामाने १८५३च्या तहाने काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, त्यात नळदुर्गाचा भाग होता आणि तिथला अधिकारी म्हणून टेलर आला. १८५७च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो इथे होता. त्याचे आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८७७ साली निघाले. त्यात नळदुर्गाला काही सुरेख पाने मिळाली आहेत.

ही पाने मी पुन्हा वाचली, तेव्हा टेलरबद्दलचा माझा आदर वाढला, हे आधी सांगून टाकतो. माणूस डोळे उघडे ठेवून हिंडला आहे. कड्याचा बेसॉल्ट कुठे खांबांसारखा फुटला आहे, नदी किती बाजूंनी वेढा घालते, पश्चिमेकडे जिथे किल्ला पठाराला जोडला जातो तिथला खंदक खडकातून कसा कोरला आहे, हे सगळे त्याने पायी फिरून टिपले आहे. शेवटी तो म्हणतो, की बाहेरून पाहता हा किल्ला उग्र आणि भक्कम तर आहेच, पण मुळात चित्रात शोभावा असा आहे.

हे ‘चित्रात शोभावा’ प्रकरण इंग्लंडातून आलेले. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने १७८२ साली वाय नदीच्या प्रवासावर पुस्तक छापले आणि इंग्रज मंडळी ते हातात धरून, नावेत बसून टिंटर्नचा पडका मठ पाहायला जाऊ लागली. आठव्या हेन्रीने १५३६ साली मोडलेला तो मठ. गिल्पिनची तक्रार काय, तर तो पुरेसा पडलेला नाही! कोणी हातोडा घेऊन कडा जरा फोडल्या तर चित्र बरे दिसेल, असे त्याने सुचवले आहे. भग्न भिंत, खाली नदी, मागे झाडी, आणि पाहणारा योग्य अंतरावर उभा. त्या वास्तूत कोण राहत होते, ती कशासाठी होती, हे मग दुय्यम होते. टेलर चित्रेही काढी. ही नजर त्याच्या अंगवळणी पडलेली असणार.

पण एका इंग्रज अधिकाऱ्याची नजर आमच्या नळदुर्गावर इतकी का बसावी? मला त्याचे उत्तर राज्याच्या सीमेत दिसते. सोलापूर मुंबई इलाख्यात आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात. आपल्याकडच्या स्थानिक इतिहासलेखनाची गंगोत्री म्हणजे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. त्याचा सोलापूरचा खंड १८८४ साली आला, पण नळदुर्ग हद्दीपलीकडे राहिल्याने त्यात नाही. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली निघाले, पण त्याचे काम सोलापूर-पुण्याच्या मराठी अभ्यासकांच्या टेबलावर क्वचितच आले. शिवाय मराठी दुर्गलेखनाचा जीव सह्याद्रीत अडकलेला. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने तीन पिढ्या डोंगरात धाडल्या, पठारावरचे आदिलशाही कोट मात्र आमच्यासाठी सावत्रच राहिले. या पोकळीत टेलरची पाने उरली. ती हैदराबादच्या इंग्रजी गॅझेटियरांत झिरपली, तिथून मराठीत आली आणि शेवटी माझ्या लेखात.

टेलर सांगतो, की १५५८ साली अली आदिलशहा नळदुर्गास आला, त्याने तटबंदी वाढवली आणि बोरी नदीवर दगडी बंधारा घातला. अली त्याच साली विजापूरच्या गादीवर बसला, एवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती. पण खरी अडचण दगडातच आहे. पाणीमहालातला फारसी शिलालेख हिजरी १०२२, म्हणजे १६१३ साल सांगतो आणि हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात मीर इमादीनने केले, अशी नोंद देतो. यावर तोड म्हणून काही जण म्हणतात, बंधारा अलीचा आणि आतला महाल इब्राहिमचा. मला हे पटत नाही. महाल बंधाऱ्यावर बांधलेला नाही, तो त्याच्या पोटात आहे. वरून जिना उतरून आपण भिंतीच्या जाडीतच शिरतो. साठवलेल्या पाण्याचा दाब सोसणाऱ्या भिंतीत अर्धशतकाने असा महाल कोरून बसवायचा, हे कोणत्याही शहाण्या गवंड्याला सुचणार नाही. आधी कसला साधा बांध असला तर असेल. आज आपण पाहतो तो बंधारा आणि महाल मात्र एकाच आराखड्यातले वाटतात.

पन्नास-पंचावन्न वर्षांच्या फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. बरेच बिघडते. अलीचा काळ अहमदनगरशी झुंजण्याचा. सोलापूर आणि नळदुर्ग सरहद्दीवर. त्या काळातला बंधारा म्हणजे वेढ्यात शिबंदीला पाणी पुरवण्याची सोय, आणि टेलरने तो तसाच वाचला. इब्राहिम हा ‘किताब-ए-नवरस’ रचणारा, संगीतात रमलेला सुलतान. विजापूरजवळ कुमटगीला आदिलशाहीने पाण्यातले विलासमहाल उभारले, कारंज्यांसाठी नळ खेळवले. पाणीमहाल त्या घराण्यातला आहे. पाणी साठवायचे, शत्रूला अडवायचे आणि तेच पाणी डोक्यावरून जाऊन डोळ्यांसमोर पडताना आत बसून पाहायचे, ही तिन्ही कामे एका भिंतीकडून करून घेतली आहेत. शिलालेखातही ही इमारत पाहून मित्राला आणि शत्रूला काय वाटेल, याचा उल्लेख आहे. म्हणजे ही जागा पाहण्यासाठीच आहे, हे बांधणाऱ्यांना टेलरच्या आधी जवळजवळ अडीचशे वर्षे ठाऊक होते. फक्त त्यांनी पाहणाऱ्याला लांब उभे केले नाही.

आपल्या पर्यटनपर लेखांवर माझा राग आहे तो इथे. ‘नयनरम्य’, ‘डोळ्यांचे पारणे फिटते’, ‘निसर्गाचा चमत्कार’ (चमत्कार कसला, सांडवा आहे तो, माणसांनी बेतून ठेवलेला!). हे शब्द आम्ही टेलरच्या परंपरेतून घेतले आणि त्याची मेहनत तिथेच ठेवली. त्याने कड्याची उंची अदमासली, खंदक पाहिला, तट चालून काढला. आम्ही त्याचे विशेषण उचलले आणि त्याची चूक उचलली. फारसी शिलालेख मात्र त्याच महालात, आमच्या खांद्याच्या अंतरावर होता. फारसी येत नाही ही सबब माझीही आहे. पण वाचन करून घेता येते, तेवढी तसदीही मी घेतली नव्हती.

गेल्या भाद्रपदात पुन्हा गेलो. धबधबे सुरू होते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी माणसे पाठ फिरवून उभी, मोबाइल उंच धरून, म्हणजे नर आणि मादी दोन्ही चौकटीत यावेत. मी जिना उतरून आत गेलो. तिथे फोटो धड येत नाही. बाहेर उजेड, आत अंधार. पाण्याचा आवाज मात्र भिंतीतून तळपायाला लागतो. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. पोरगा विचारत होता, ‘‘आजोबा, नदी कुठंय?’’ आजोबांनी बोट वर, छताकडे केले.