ऑपरेटिंग सिस्टीमची निवड: माझा तक्ता कुठे चुकला?

संशोधनासाठी विषय शोधताना 'वापरकर्त्यांच्या गरजेनुसार ऑपरेटिंग सिस्टीमची निवड' हा विषय कधी ना कधी समोर येतोच. विषय चांगला आहे. पण त्यावरचं लिखाण बहुतेक एकाच साच्यातलं असतं. डावीकडे विंडोज, मॅक, लिनक्स. वर किंमत, सुरक्षा, वेग, सोपेपणा. मधे बरोबरच्या खुणा. निष्कर्षही ठरलेला: विद्यार्थ्याला विंडोज, प्रोग्रॅमरला लिनक्स, डिझायनरला मॅक. आज या तक्त्यावरच टीका करायची आहे, कारण मीही तो केला होता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं. आळंदीतल्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांनी विचारलं, "आता काय करू रे?" माझ्या तक्त्यात उत्तर तयार होतं: जुनं मशीन, खर्च नको, म्हणजे लिनक्स. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून दाखवलं. मशीन चांगलं पळालं. काका म्हणाले, "दिंडीच्या पत्रकाची फाईल उघड बरं."

उघडलीच नाही. फाईल पेजमेकरची होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. लिनक्ससाठी ते कधी निघालंच नाही. मग वर्डमधली हरिपाठाची फाईल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट टाकला तर मजकूर दिसेलही, पण काकांचा हात ज्या कीबोर्डवर बसलाय तो चालवणारं सॉफ्टवेअर विंडोजचं. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण मग एकेक जोडाक्षर तपासत बसा. आणि कार्तिकी वारी तोंडावर!

'मराठीची सोय' या रकान्यात मी तिन्ही सिस्टीमपुढे खूण केली होती. ती खोटी नव्हती. युनिकोड मराठी तिन्हींवर चालते. पण काकांची मराठी युनिकोडमध्ये नव्हती.

चूक इथे आहे. तक्ता सिस्टीमचे गुण मोजतो, वापर मोजत नाही. आयएसओ ९२४१-११ हे मानक बघा. त्यात वापरसुलभता हा वस्तूचा सुटा गुण मानलेला नाही. कोणता वापरकर्ता, कोणतं उद्दिष्ट, कोणती परिस्थिती, हे ठरवल्यावरच परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान मोजायचं असतं. आपल्या तक्त्यांतून नेमकी परिस्थिती गळते. चाकणच्या कारखान्यात मशीनला जोडलेला संगणक घ्या. त्याची सिस्टीम ऑपरेटरच्या आवडीवर नाही, मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरवर ठरते. तुमचंही तसंच. सॉलिडवर्क्सवर काम असेल तर विंडोज हवंच. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर गणितं चालवायची तर लिनक्सच्या कमांड शिकाव्याच लागतील. दोघंही तक्त्यात मात्र 'विद्यार्थी'च!

तक्ता अगदीच टाकाऊ आहे असं नाही. पर्यायांची पहिली ओळख त्यातून होते. पण तो सुरुवात आहे, निष्कर्ष नाही. प्रस्तावात एवढं तरी करा: वापरकर्त्याला त्याचीच तीन कामं, त्याच्याच फायलींवर, नव्या सिस्टीमवर करू द्या. काम पुरं झालं का, वेळ किती लागला, कुठे अडला, हे लिहा. आणि 'तुम्हाला काय हवं?' याबरोबर 'बदललं तर काय गमवाल?' हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त खरी येतात.

काकांचं मशीन आजही विंडोज १० वर आहे, फक्त इंटरनेटची तार काढलेली. नवीन पत्रकं दुसऱ्या मशीनवर, युनिकोडमध्ये होतात. माझ्या तक्त्यात या उत्तराला रकानाच नव्हता.