'मराठी की मराठा ?' : प्रश्नाबाहेरची माणसे

महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या चार महिने आधी, १९६० च्या जानेवारीत, सांगलीच्या सभेत ग. त्र्यं. माडखोलकरांनी यशवंतराव चव्हाणांना जाहीर प्रश्न केला : येणारे राज्य मराठी की मराठा ? यशवंतरावांनी उत्तर दिले : मराठी. माझ्या मते नव्या राज्याचे खरे उद्घाटनाचे भाषण हेच. १ मेला पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मुंबईत जो सोहळा झाला तो पुढचा उपचार. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा प्रश्न आणि हे उत्तर भाषणांतून, अग्रलेखांतून, पाठ्यपुस्तकांतून फिरते आहे. म्हणून त्याची साहित्यकृतीसारखी तपासणी झाली पाहिजे.

प्रश्नकर्ता सामान्य नव्हता. नागपूरच्या 'तरुण भारत'चा संपादक, १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. ज्याने राज्याची मागणी केली त्यालाच राज्य दारात आल्यावर भीती का वाटावी ? १९४८ ला गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरे जळाली होती. ती आठवण ताजी होती, भीती निराधार नव्हती. परंतु ती कोणाची भीती होती, हे शब्दच सांगतात. एका वेलांटीचा आणि एका कान्याचा हा खेळ आहे. वेलांटीच्या बाजूला पांढरपेशा वर्ग उभा आहे, कान्याच्या बाजूला संख्येने मोठी जात. गावकुसाबाहेरचा माणूस या अक्षरांत कुठेच नाही.

प्रतिक्रिया पाहा. पुण्या-नागपूरच्या सुशिक्षितांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ग्रामीण बहुजनांना आपला माणूस गादीवर बसल्याचा आनंद झाला आणि त्यात गैर काही नव्हते, कारण शतकानुशतके लेखणी दुसऱ्यांच्याच हाती होती. संयुक्त महाराष्ट्र समितीवाले म्हणाले, माणसे आमची मेली आणि मंगल कलश काँग्रेसने आणला. शिवाय बेळगाव बाहेरच राहिले. विदर्भवाद्यांचे समाधान झालेच नाही. बापूजी अणे १९६२ ला वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करीत नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. आमचा बुलढाणा जिल्हा तर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, पुढे मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. तीन राज्यांच्या पाट्या बदलल्या, पण वाड्यातला पाटील आणि वेशीबाहेरची वस्ती जागच्या जागी राहिली.

या साऱ्या प्रतिक्रिया परस्परविरोधी आहेत खऱ्या. परंतु त्या एकाच प्रश्नाच्या प्रतिक्रिया आहेत : सत्ता कोणाच्या हातात ? सत्ता गावात काय करील, हा प्रश्न त्यांत नाही.

तो प्रश्न बाबासाहेबांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांवरील पुस्तकात मांडला होता. भाषेचे बहुमत हेच जातीचे बहुमत असेल तर गावोगाव विखुरलेल्या अल्पसंख्य जातींनी दाद कोणाकडे मागायची ? म्हणून त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचविले. त्यांतील पूर्व महाराष्ट्रात आमचा बुलढाणा होता. पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीच्या लढ्यात उतरले. राज्य मिळविण्यात आपले लोक कमी पडले नाहीत. मात्र चार भागांची योजना मान्य असो वा नसो, प्रश्नाची जात लक्षात घ्या. माडखोलकरांनी नेत्याचा हेतू विचारला. बाबासाहेबांनी व्यवस्था मागितली. हेतूच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते. व्यवस्थेच्या प्रश्नाला देता येत नाही.

यशवंतरावांचे उत्तर खोटे होते असे मी म्हणत नाही. १९६० मध्येच महाराष्ट्र सरकारने बौद्धांना शैक्षणिक सवलती लागू केल्या. केंद्राला अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश करायला १९९० साल उजाडले. हे श्रेय द्यावेच लागेल. पण सवलत कागदावर १९६० ला आली आणि आमच्या घरात पहिली पदवी माझ्या पिढीत आली, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. शाळेची फी माफ झाली म्हणून पोराच्या हातची मजुरी सुटत नाही. त्याला जमीन लागते. ती मागण्यासाठी दादासाहेब गायकवाडांना १९६४ मध्ये देशभर सत्याग्रह करावा लागला. राज्य 'मराठी' झाल्यावर पाणवठा तरी एक व्हावा ! त्यासाठी बाबा आढावांना १९७० च्या दशकात मोहीम उघडावी लागली. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात १९७४ साली दोघा दलित भावांचे डोळे काढण्यात आले. १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा घाटावरून पलीकडे दिसणाऱ्या मराठवाड्यात आपली घरे पेटली. घरे पेटविणारा आणि घर पेटलेला, दोघांची भाषा मराठीच होती.

आज हे का सांगायचे ? नवा मुख्यमंत्री शपथ घेतो, पहिले भाषण करतो, आणि आपल्यातले शिकलेसवरलेले लोक मोजत बसतात : फुले-शाहू-आंबेडकर ही नावे घेतली की नाही, कितव्यांदा घेतली, आधी कोणाचे घेतले. माझ्या वर्गातले विद्यार्थीही यावरूनच दोन तट करून भांडतात. नाव घेतले म्हणून एक तट खूश, उशिरा घेतले म्हणून दुसरा नाराज. वेलांटी आणि कान्याचाच हा नवा अवतार आहे. भाषण करणाऱ्याला याहून स्वस्त सौदा कोणता ?

भाषणाची समीक्षा सभागृहातल्या टाळ्यांवरून होत नाही. गायरान कसणाऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले का, शिष्यवृत्ती परीक्षेआधी हातात पडली का, अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार उभा राहू शकला का, यावरून ती होते. आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी हा हिशेब तालुक्या-तालुक्यात लिहून ठेवला पाहिजे. पुढच्या वेळी कोणी नेता 'सर्वांचे राज्य' म्हणाला की टाळीही नको आणि शिवीही नको. वही पुढे करावी.