आनंदावरची जकात

गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीला दहावे वर्ष लागले. त्या दिवशी ती, तिच्या सात मैत्रिणी, माझी सून आणि मी असे सगळे राणीच्या बागेत गेलो होतो. या बागेचे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाल्याला आता पन्नासांवर वर्षे लोटली. तथापि मुंबईच्या मुलांच्या तोंडी ती अजून राणीचीच आहे. २०१७ साली तिथले पेंग्विन लोकांना पाहण्यासाठी खुले झाले, तेव्हापासून मुलांची पहिली धाव तिकडेच असते. मी मात्र माझ्या लहानपणापासूनच्या सवयीने भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारच्या दगडी हत्तीपाशी जाऊन बसलो. घारापुरीहून विलायतेस नेण्याच्या खटपटीत हा हत्ती भंगला आणि मग मुंबईत सांधून उभा केला गेला. त्याची स्वतःची सहल काही सुखाची झाली नाही.

चार दिवसांनी शाळेत 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. नातीने तो माझ्याकडे आणून दिला. अक्षर सुरेख, शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष. सकाळी लवकर उठून आम्ही निघालो, तिथे विविध पशुपक्षी पाहिले, निसर्गाचे महत्त्व कळले, सहलीमुळे ज्ञान आणि शिस्त या दोन्हींचा लाभ होतो. मी म्हटले, "अगं, पण त्या चपलेचे काय झाले?"

"आबा, ते निबंधात नसतं लिहायचं," ती म्हणाली.

तिच्या या उत्तराने मला हा लेख लिहायला बसवले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ही तक्रार थोडी कडू लागेल, पण कारीट चिरडल्याशिवाय आपली दिवाळी सुरू तरी कुठे होते?

तक्रारीआधी कबुली दिलेली बरी. तरुणपणी मीही मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आहेत. त्यांतल्या एकीत पाच मित्र डोंगरावर सहलीला जातात, शिदोरी सोडतात, धुडगूस घालतात. तिथवर गोष्ट मला बरी साधली होती. मग एक म्हातारा गुराखी येतो आणि त्यांनी टाकलेल्या अन्नाकडे बघून डोळे पुसतो. मुले वरमतात. संपादकांनी पाठ थोपटली. आज ती गोष्ट वाचताना मला तो गुराखी जकातनाक्यावरच्या कारकुनासारखा दिसतो: मुलांचा आनंद गावात शिरण्याआधी त्याच्यावरची पट्टी वसूल करायला बसलेला. आमच्या पिढीच्या बालवाङ्मयात असे नाके वाटोवाट होते. सहल निघाली की वाटेत आंधळा भेटायचा. वाढदिवस आला की शेजारच्या गरीब मुलाला आपला नवा सदरा देऊन टाकायचा. सदरा दिल्याबद्दल माझे काही म्हणणे नाही; पण त्या मुलाला केक, करंजी, काहीतरी खाऊन आधी हसू तरी द्यावे!

हे सारे 'श्यामची आई'पासून आले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अन्यायाचे वाटते. १९३५ साली निघालेल्या त्या पुस्तकातली 'अळणी भाजी'ची रात्र पुन्हा वाचून पाहा. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. वडील काही न बोलता जेवतात, त्यांच्याकडे बघून मुलेही जेवतात. सर्वांच्या मागून आई पानावर बसते तेव्हा तिला कळते. या प्रसंगात संयमाचा धडा आहेच, साने गुरुजी तो लपवतही नाहीत. परंतु माझ्या मनात राहतो तो धडा नव्हे. आपण मुलांना अळणी वाढले म्हणून हळहळणारी ती बाई राहते. तिथे बोध हा दुःखाच्या पोटी जन्मला आहे. आम्ही नक्कल करणाऱ्यांनी बोध तेवढा उचलला आणि ती बाई स्वयंपाकघरातच सोडून आलो.

आता याच मिठाची दुसरी गोष्ट. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'पथेर पांचाली' १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात दुर्गा आणि अपू ही भावंडे घराजवळच्या रानात वनभोजन करतात. बंगालीत त्याला चडुईभाती म्हणतात. चिमणीचा भात म्हणा ना. घरातून लपूनछपून आणलेले तांदूळ, चुलीसाठी मांडलेले दगड, अर्धवट जळलेले वांग्याचे काप. त्यांना येऊन मिळते बिनी नावाची एक मुलगी, जिच्या घरच्यांना गावाच्या पंगतीत बरोबरीने बसू देत नाहीत. आणि या मंडळींनी सगळे आणले, मीठ मात्र आणलेच नाही! तरी ती जेवतात. सपक, करपलेले वांगे खातात आणि आपण खरोखरीचा स्वयंपाक केला या अचंब्याने एकमेकांकडे बघतात.

दोन्ही घरे दरिद्री ब्राह्मणांची, दोन्हीकडे मीठ नाही, दोन्हीकडे मुले तक्रार करीत नाहीत. श्यामच्या घरी ती करीत नाहीत, कारण वडिलांनी केली नाही. दुर्गेच्या रानात करीत नाहीत, कारण त्या घासात तक्रारीला जागाच उरलेली नाही. आणि बिनी शेजारी बसून जेवते आहे यावर विभूतिबाबू प्रवचन देत नाहीत. गावात तिचे पान वेगळे, इथे एकत्र, एवढे वाचकाला दिसते आणि गोष्ट पुढे जाते. त्या ओळींतून मला जातिभेदाविषयी जे कळले ते माझ्या गुराख्याने दहा वेळा डोळे पुसूनही सांगितले नसते.

यावर एक ठरीव उत्तर मिळते. आमच्या एका स्नेह्यांनी तर चहाचा कप आपटून दिले: "मुलांचे असे निव्वळ लाड ही साहेबाची रीत. आपल्यात वाढदिवस कुठे होते?" नव्हते कसे? आपण तर देवांचेही वाढदिवस करतो, तेही घड्याळ लावून. मारुतीचा सूर्योदयाला, रामाचा भर दुपारी बाराला, कृष्णाचा मध्यरात्री. पाळणा हलवायचा, सुंठवडा वाटायचा. घरच्या मुलाला तिथीने पाटावर बसवायचे, सुपारी नि अंगठी घेऊन औक्षण करायचे. पुढे तारीख आली आणि कित्येक घरांत मुलांनी दोन्ही दिवस पदरात पाडून घेतले. माझ्या नातीचा या बाबतीतला हिशेब चोख आहे.

आणि सहल म्हणाल, तर गोपाळकाला दुसरे काय आहे? मुले गुरे घेऊन रानात गेली आहेत, ज्याने त्याने घरून शिदोरी आणली आहे, कुणाची चांगली, कुणाची शिळी. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि प्रत्यक्ष देव पेंद्याच्या हातचा घास खातो आहे. नामदेवांनी, तुकोबांनी काल्याचे अभंग रचले. आजही सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. त्या कीर्तनात बुवा एरवी कितीही उपदेश करोत, दही अंगावर उडाले की सारा मंडप हसतो. मुलांच्या खेळाला परमार्थाच्या शेवटच्या पायरीवर बसवणारी ही भाषा. तिच्यातल्या गद्य लेखकांना सहलीतून 'शिस्तीचा लाभ' काढून दाखवल्याशिवाय चैन पडू नये, याचे मला नवल वाटते. दोष साहेबाचा असलाच तर त्याच्या केकचा नाही, त्याने इथे घालून दिलेल्या शाळेतल्या निबंधाच्या वहीचा आहे.

त्याच साहेबाच्या मुलखात ए. ए. मिल्न नावाच्या लेखकाने १९२६ साली 'विनी द पू' लिहिले. त्यात एका उदास गाढवाचा वाढदिवस आहे. कुणाच्या लक्षात नाही म्हणून ते बसले आहे. अस्वल त्याच्यासाठी मधाचे भांडे घेऊन निघते आणि वाटेत सगळा मध स्वतःच खाऊन टाकते. डुकराचे पिल्लू फुगा घेऊन धावते, पडते, फुगा फुटतो. म्हणजे भेट काय मिळाली? रिकामे भांडे आणि फुटक्या फुग्याची चिंधी. मी लिहीत असतो तर इथे निदान घुबडाकडून तरी 'भेटीपेक्षा भावना थोर' असे वदवले असते. मिल्नचे गाढव ती चिंधी भांड्यात घालते, बाहेर काढते, पुन्हा घालते. नीट मावते! त्याचा दिवस सोन्याचा होतो. एका ओळीचाही बोध नाही, आणि मोठा माणूस वाचताना मध्येच थांबतो.

आपल्या कवींना हे केव्हाच कळले होते. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ची. तिच्यातली जनावरे निसर्गाचे महत्त्व पटवायला आलेली नाहीत, ती आपापल्या लहरीत आहेत. पाडगावकरांचा भोलानाथ, गदिमांची मामाच्या गावाला नेणारी आगगाडी, यांतल्या कुणीही मुलाकडून जकात मागितली नाही. गद्यात भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून सुटला तो नाक्यावर थांबलाच नाही. परंतु त्याला पळायला चोर लागतात, रहस्य लागते. काहीच न घडलेल्या एका साध्या दिवसाची, चार मैत्रिणींच्या हसण्याची गोष्ट मराठी गद्यात शोधायला गेलो की माझे बोट कपाटावरून फिरत राहते. कविता गात सुटते आणि गद्य लगेच मास्तर होते, असे का व्हावे? मला वाटते, गद्य आपण परीक्षेसाठी शिकलो.

म्हणून मी नातीला म्हटले, "ती चपलेची हकीकत मला लिहून दे. मार्क नाहीत, लाडू आहे."

तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली. पेंग्विनच्या रांगेत तिच्या एका मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला. ती रडवेली झाली. तेव्हा दुसरीने आपली एक चप्पल काढून हातात घेतली, मग तिसरीने. शेवटी आठही जणी एक पाय अनवाणी, लंगडी घालत दगडी हत्तीपर्यंत आल्या. तिथे आबा डुलकी काढत होते. हत्तीला चार पाय आहेत, त्याला किती चपला लागतील यावर भांडण झाले. कागदात पेंग्विनचे नावसुद्धा नाही. शेवटची ओळ अर्धीच आहे, कारण तिला जेवायला हाक आली.

मी तो कागद दोनदा वाचला. तिने विचारले, "आबा, हाच निबंध वहीत उतरवू का? बाई मार्क देतील?"

एवढे सगळे ज्याला कळते त्या माणसाने काय सांगावे? चाचणी आठवड्यावर आली होती. सून दारात उभी होती. मी म्हटले, "वहीत पहिलाच राहू दे, बाळ."

तिने मान डोलावली आणि वही दप्तरात टाकली. पाठकोरा कागद माझ्याकडे आहे, 'राणीच्या बागे'त ठेवला आहे.