यंत्रसून आणि विज्ञानकथेतील हास्य

विज्ञानकथेत हसू आले की तिचे गांभीर्य सरते, असा आपल्या समीक्षाव्यवहाराचा रूढ ग्रह आहे. जयंत नारळीकरांना २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले, तेव्हा ग्रंथरूप विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली. दूरचित्रवाणीवरील तिचा विनोदी अवतार मात्र पोरखेळच ठरला.

या दृष्टीने २०१६ मधील 'बहू हमारी रजनीकांत' ही हिंदी मालिका तपासण्यासारखी आहे. तीत शास्त्रज्ञ मुलाने घडवलेली यंत्रस्त्री घरात सून म्हणून वावरते आणि कुटुंबीयांना ते उमगत नाही. सजीवाच्या वर्तनात यांत्रिकता शिरली की हास्य उद्भवते, असे बर्गसाँने १९०० मध्ये प्रतिपादिले. येथे क्रम उलटा आहे: यंत्र माणसाच्या जागी येते आणि ती जागा त्याला चपखल बसते. अर्थात, यांत्रिकता रजनीपूर्वीच 'सून' या भूमिकेत वसत होती. पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून एस.टी.ने वर्गात येणाऱ्या शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थिनींना हे बर्गसाँवाचून कळते. कधीही न थकणाऱ्या सुनेला त्या हसतात, ते ओळख पटून.

कौटुंबिक मालिकेच्या साच्यात ही धार बोथट होते, हे खरे. परंतु तो दोष साच्याचा. त्याचे खापर हास्यावर फोडणे ही समीक्षेची सोय आहे.