‘ट्रू क्राइम’चा साचा आणि किशोरवयीन नातेसंबंध : विद्यार्थीनिर्मित माहितीपटांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

माहितीपट हा वास्तवाचा दस्तऐवज असतो, तसाच तो वास्तवाकडे पाहण्याचा एक दृष्टिकोनही असतो. माध्यमविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून लघुमाहितीपट करून घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. अशा प्रकल्पांसाठी विद्यार्थी अलीकडे ‘ट्रू क्राइम’ हा प्रकार आवडीने निवडतात आणि त्यातही किशोरवयीन मुलामुलींमधील ‘टॉक्सिक’ नातेसंबंध हा विषय त्यांना जवळचा वाटतो. हे स्वाभाविक आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा विषय पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या वर्गातून आणि मोबाईलच्या पडद्यावरून ओळखलेला असतो. प्रश्न विषयाचा नसून साच्याचा आहे. ‘ट्रू क्राइम’चा प्रचलित साचा या विषयाला न्याय देऊ शकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय होय. त्यासाठी दोन अमेरिकी माहितीपटांचे विवेचन केले असून, त्यानंतर महाराष्ट्रातील भाषिक आणि कायदेशीर संदर्भ लक्षात घेतला आहे.

घटना आणि वर्तनक्रम

‘टॉक्सिक’ हा शब्द इतका सर्रास वापरला जातो, की ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१८ साली त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली होती. परंतु सर्रास वापराने शब्दाची धार बोथट होते. त्यापेक्षा इव्हान स्टार्क यांनी २००७ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलेली दडपशाहीयुक्त नियंत्रणाची संकल्पना अधिक उपयुक्त आहे. जोडीदाराने कोणाशी बोलावे, कोठे जावे, काय नेसावे, फोन किती वेळात उचलावा यावर हळूहळू बसत जाणारा अंमल म्हणजे हे नियंत्रण. त्यातील एकेक कृती सुटी पाहिली तर क्षुल्लक, प्रसंगी प्रेमळही वाटते. तिचा अर्थ क्रमात असतो. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या गंभीर गुन्हे अधिनियमातील कलम ७६ अन्वये असे वर्तन हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तेथे कायद्याने एखाद्या घटनेऐवजी सतत चालणाऱ्या वर्तनक्रमाची दखल घेतली, ही बाब महत्त्वाची आहे.

‘ट्रू क्राइम’चा साचा नेमका याच्या विरुद्ध आहे. त्याला घटना लागते. प्रारंभीच मृत्यू किंवा अटक दाखवावी, मग मागे जाऊन ‘हे कसे घडले’ याचा शोध घ्यावा, मधल्या टप्प्यावर संशय फिरवावा आणि शेवटी दोषीचा चेहरा समोर आणावा, अशी ही रचना असते. अशा रचनेत नातेसंबंध हा विषय राहत नाही, तो केवळ पुरावा बनतो. प्रत्येक भांडण, प्रत्येक संदेश हा पुढील गुन्ह्याचे ‘लक्षण’ म्हणून वाचला जातो. परिणामी ज्या असंख्य नात्यांत मुलगी किंवा मुलगा रोज कोंडला जातो, पण ज्यांचा शेवट पोलीस ठाण्यात होत नाही, ती नाती या साच्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. प्रेक्षक मात्र ‘आपले प्रकरण इतके गंभीर नाही’ असा दिलासा घेऊन उठतो.

दोन माहितीपट

एरिन ली कार दिग्दर्शित ‘आय लव्ह यू, नाऊ डाय’ हा दोन भागांचा माहितीपट एचबीओने २०१९ साली प्रदर्शित केला. मॅसॅच्युसेट्स राज्यात जुलै २०१४ मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्याला संदेशांद्वारे प्रवृत्त केल्याचा आरोप त्याच्या सतरा वर्षांच्या मैत्रिणीवर ठेवण्यात आला. (नावे सर्वत्र प्रसिद्ध असली, तरी पुढील विवेचनाशी सुसंगत राहण्यासाठी ती येथे दिलेली नाहीत.) २०१२ साली झालेल्या ओळखीनंतर दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच होत्या, नाते प्रामुख्याने संदेशांतच जगले गेले. जून २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ज्यूरीविना चाललेल्या खटल्यात तिला अहेतुक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले.

या माहितीपटाचे सामर्थ्य त्याच्या विभागणीत आहे. पहिला भाग अभियोग पक्षाची बाजू मांडतो, दुसरा बचाव पक्षाची. पहिल्या भागात प्रेक्षकाच्या मनात जे चित्र पक्के होते, ते दुसऱ्या भागात तिचे मानसिक आजारपण, त्याची आधीपासूनची निराशा आणि दोघांचे एकाकीपण समोर येताच डळमळू लागते. संदेश पडद्यावर अक्षररूपाने उमटतात, त्यामुळे प्रेक्षक त्या नात्याचा वाचक बनतो. विद्यार्थी-दिग्दर्शकांनी शिकावे असे हे तंत्र आहे. तरीही मर्यादा उरतेच. न्यायालयाचा निर्णय हजारो संदेशांवर नव्हे, तर अखेरच्या दूरध्वनी संभाषणातील तिच्या वर्तनावर मुख्यत्वे आधारलेला होता आणि त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण नव्हते. तिने नंतर एका मैत्रिणीला पाठविलेल्या संदेशातूनच ते ज्ञात झाले. म्हणजे दीर्घ वर्तनक्रमातून कायद्याने एक क्षण वेचला. माहितीपटाने बाजू दोन मांडल्या, पण चौकट खटल्याचीच ठेवली. ‘ती दोषी की निर्दोष’ हा प्रश्न उरला. दोन आजारी मुले एकमेकांचा एकमेव आधार कशी बनली आणि भोवतालच्या प्रौढांना ते का दिसले नाही, हा प्रश्न दुय्यम झाला.

स्काय बोर्गमन दिग्दर्शित ‘अननोन नंबर : द हायस्कूल कॅटफिश’ हा माहितीपट नेटफ्लिक्सवर २०२५ साली आला. मिशिगनमधील बील सिटी या लहान गावातील एका किशोरवयीन जोडप्याला २०२० पासून अनोळखी क्रमांकावरून अत्यंत घाणेरडे व धमकीवजा संदेश येऊ लागले. ते मुलीची आईच पाठवीत होती, हे २०२२ मध्ये निष्पन्न झाले. हा माहितीपट ही माहिती बराच काळ राखून ठेवतो आणि तोवर संशय गावातील इतर मुलांवर फिरत राहतो. उलगड्याचा क्षण पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्याच्या चित्रणातून दाखविला जातो. प्रेक्षक थक्क होतो, हे खरे. पण ज्या मुलांवर त्या काळात संशय घेतला गेला, त्यांच्यावर पडद्यावर पुन्हा एकदा संशय घेतला जातो, आणि या वेळी तो जगभरातील प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी. शिवाय उत्तर मिळाल्याबरोबर कथेतील ताण संपतो. आईचे मुलीवरील नियंत्रण, म्हणजे खरा विषय, तेथून पुढे सुरू व्हायला हवा होता.

मराठी संदर्भ : ‘एकतर्फी प्रेम’

हा साचा केवळ परदेशातून आलेला नाही. आपल्या वृत्तपत्रांनीही त्याला एक शब्द पुरविला आहे. उल्हासनगर येथे १९९० साली दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले. सांगली येथे १९९८ साली एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीची हत्या झाली. अशा घटनांच्या वार्तांकनात ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि आजही तो टिकून आहे. या शब्दाची चिकित्सा आवश्यक आहे. ‘एकतर्फी’ म्हणताच दुसरी बाजू अपुरी असल्याचे सूचित होते, जणू मुलीचा होकार ही राहून गेलेली गोष्ट. पाठलाग, धमकी, नकार न मानणे या कृतींना ‘प्रेम’ हे नाव मिळते. वस्तुतः २०१३ च्या फौजदारी सुधारणेनंतर पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा असून भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये समाविष्ट आहे. विद्यार्थी माहितीपटाचे निवेदन लिहितात ते बहुधा जुन्या कात्रणांवरून, आणि शब्दाबरोबर दृष्टीही उचलतात. निवेदनातील हा एक शब्द बदलला, तरी कथेचा कर्ता बदलतो.

कायद्याची चौकट

विद्यार्थी ज्याला अडचण समजतात, ती बाब येथे विचारात घेतली पाहिजे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार आरोपी, पीडित वा साक्षीदार बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. ‘पोक्सो’ अधिनियम, २०१२ च्या कलम २३ मध्ये कुटुंब आणि परिसर यांचाही उल्लेख आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेच्या मृत्यूनंतरही तिचे नाव उघड करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले. चेहरा धूसर करून मागे शाळेचा फलक तसाच ठेवणारे चित्रण या कसोटीवर टिकत नाही.

दुसरी बाब स्रोतांची. ‘पोक्सो’नुसार संमतीचे वय अठरा आहे. सतरा वर्षांच्या दोघांच्या परस्परसंमतीच्या नात्याविरुद्धही पालकांच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल होऊ शकतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात हे वय कमी करू नये अशी शिफारस केली, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत न्यायालयाला मर्यादित तारतम्य असावे असेही सुचविले. यावरून स्पष्ट होते, की प्रथम खबरी अहवाल हा नात्याचा विश्वसनीय वृत्तान्त असेलच असे नाही. तो कोणी दिला, मुलगी त्यात कोठे आहे, जात व प्रतिष्ठा यांचा दबाव किती, हे प्रश्न न विचारता त्या कागदावर पटकथा उभारणे म्हणजे पालकांच्या नियंत्रणाला अदृश्य करणे होय. काही प्रकरणांत खरे ‘टॉक्सिक’ नाते प्रियकराचे नसून घराचे असते. ‘अननोन नंबर’ पाहिल्यावर ही शक्यता नाकारता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. किशोरवयीन नात्यातील नियंत्रण हा वर्तनक्रम आहे. घटनेपासून मागे जाणारी रचना त्याचे आकलन घडवीत नाही. माहितीपटाने नात्याच्या प्रारंभापासून, काळाच्या ओघाने पुढे जावे. गुन्हा दाखवायचाच असेल, तर शेवटी दाखवावा.

२. अनामिकता ही रचनेची अट मानावी. चेहरा नसेल तेव्हा हात, खोली, फोनचा प्रकाश, अक्षरे आणि आवाज यांतून विषय व्यक्त करावा लागतो. कोणाचाही चेहरा नसलेल्या पडद्यावर प्रेक्षकाला ‘ती’ दुसरी कोणी म्हणून दूर लोटणे कठीण जाते.

३. नाट्यरूपांतर करताना एरॉल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) चा आदर्श ठेवावा. तेथे एकच प्रसंग वेगवेगळ्या साक्षींनुसार पुन्हा पुन्हा घडतो, म्हणून ते रूपांतर पुरावा न ठरता साक्षींची चिकित्सा ठरते. वर्गमित्रांकडून करवून घेतलेला मारहाणीचा एकच प्रसंग मात्र प्रेक्षकाच्या मनात सत्य म्हणून ठसतो.

४. मूल्यमापनाचे निकष तपासले पाहिजेत. धक्कादायक प्रारंभ आणि प्रभावी पार्श्वसंगीत यांना आपण ‘परिणामकारकता’ म्हणून गुण देतो, तोवर विद्यार्थी तोच साचा गिरवीत राहतील. कोणती माहिती जाणीवपूर्वक वगळली आणि का, याचे लेखी स्पष्टीकरण प्रकल्पासोबत मागून त्यालाही गुण देणे शक्य आहे.

५. अशा प्रकल्पाच्या प्रदर्शनाला बसलेल्या वर्गात त्याच अनुभवातून जाणारे कोणीतरी असू शकते, हे गृहीत धरूनच मार्गदर्शकाने प्रदर्शनानंतरच्या चर्चेची आणि समुपदेशकाच्या उपस्थितीची व्यवस्था करावी.

विद्यार्थ्यांनी हा विषय हाताळू नये, असा या लेखाचा आशय नाही. उलट तो हाताळण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नाही, कारण व्यावसायिक निर्मात्यांकडे नसलेले ज्ञान त्यांच्याकडे आहे. ‘कोठे आहेस’ हा संदेश दिवसातून पहिल्यांदा येतो तेव्हा काळजीचा वाटतो आणि चाळिसाव्यांदा येतो तेव्हा भीतीचा, हे त्यांना ठाऊक असते. या दोहोंमधील अंतर दाखविण्यासाठी प्रेताची आवश्यकता नाही. ते अंतर पडद्यावर आणण्याचे शिक्षण देणे ही माध्यमविद्येच्या अध्यापकांची जबाबदारी होय.